वादळानंतरचा अंधार महिनाभर मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मोठे वादळ येऊन गेले की दोन-तीन दिवसांत वृत्तपत्रांत एक चित्रजोडी हमखास झळकते. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. एकात लखलखणारे शहर, दुसऱ्यात काळोख. आपल्या दैनिकातही ती येते. उपग्रहांच्या आकडेवारीशी माझा रोजचा संबंध असल्याने ही चित्रे लोकांपर्यंत पोचतात याचा मला आनंदच आहे. पण ती ज्या रीतीने छापली जातात, त्याबद्दल थोडी तक्रार आहे आणि एक मागणी.

ही चित्रे बहुतेक वेळा सुओमी एनपीपी या २०११ साली सोडलेल्या उपग्रहावरच्या ‘व्हीर्स’ या उपकरणातून येतात. नंतरच्या नोआ-२० आणि नोआ-२१ या उपग्रहांवरही तेच उपकरण आहे. त्यातला रात्रीसाठीचा पट्टा, म्हणजे ठरावीक रंगांचा प्रकाश टिपणारा भाग, इतका संवेदनशील आहे की चांदण्यात उजळलेले ढगसुद्धा त्याला दिसतात. हे उपग्रह सुमारे ८३० किलोमीटर उंचीवरून, स्थानिक वेळेनुसार रात्री दीडच्या आसपास आपल्या डोक्यावरून जातात. रात्रीचा दीड! त्या वेळी घरोघरचे दिवे मालवलेले असतात. उपग्रहाला दिसतो तो मुख्यतः रस्त्यांवरचा, कारखान्यांचा, बंदरांचा आणि रुग्णालयांचा उजेड. रस्त्यावरचे दिवे लागले की चित्रात वस्ती उजळते. त्या वस्तीतल्या घरांपर्यंतची तुटलेली तार जोडली गेली की नाही, हे चित्राला ठाऊक नसते.

शिवाय चित्रातला एक ठिपका म्हणजे एक घर नव्हे, एक गल्लीही नव्हे. मूळ चित्रातली एक चौकट साधारण ७५० मीटर बाजूची, म्हणजे सुमारे ५६ हेक्टरची. अशी एकच चौकट डोळ्यांसमोर आणा. तिच्या एका कोपऱ्यात जनरेटरवर चाललेले रुग्णालय आहे, मधून दिवे लागलेला हमरस्ता गेला आहे आणि पलीकडे खांब आडवे झालेल्या चार गल्ल्या आहेत. उपग्रह या सगळ्याची बेरीज करून एकच आकडा देतो. तो वादळापूर्वीच्या निम्म्यावर आला की बातमीत ‘निम्मा वीजपुरवठा पूर्ववत’ असे छापून येते. चार गल्ल्यांतल्या लोकांनी ते वाचून काय म्हणावे?

ढगांची गोष्ट तर याहून अडचणीची. वादळ सरले तरी ढग लगेच हटत नाहीत, आणि जाड ढगाखालचे शहर दिवे चालू असूनही काळेच दिसते. ढग पातळ असेल तर उजेड पसरतो, फिका पडतो आणि वीज अर्धवट गेल्याचा भास होतो. जाणकार मंडळी उष्णता टिपणाऱ्या पट्ट्यांवरून ढग ओळखतात आणि तेवढा भाग ‘माहिती नाही’ म्हणून बाजूला काढतात. नकाशात तो करडा दाखवतात. छापखान्यात पोचेपर्यंत करड्याचा काळा व्हायला वेळ लागत नाही, आणि मग माहिती नसलेला भागही अंधारात गेल्याचे जाहीर होते.

चंद्राची कला बदलली की जमिनीवरून परतणारा उजेड बदलतो. उपग्रह एका रात्री बरोबर डोक्यावरून तर दुसऱ्या रात्री तिरका पाहतो, त्यामुळे उंच इमारतींआडचे दिवे कधी दिसतात, कधी लपतात. म्हणून ‘आधी’चे चित्र एखाद्याच रात्रीचे असून भागत नाही, अनेक निरभ्र रात्रींची सरासरी लागते. नासाच्या ‘ब्लॅक मार्बल’ या संचात चांदणे आणि वातावरणाचा परिणाम वजा करून रोजचे आकडे मिळतात, त्यामुळे काम बरेच सोपे झाले आहे. आणखी एक गंमत: हा पट्टा निळा प्रकाश जवळपास पाहतच नाही. जुने पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तर रस्ता आपल्याला उजळ वाटतो आणि उपग्रहाला मंद.

इतके दोष सांगितल्यावर ही चित्रे छापूच नयेत असे मी म्हणेन, असे वाटेल. उलट ती अधिक छापावीत, पण पहिल्या आठवड्यानंतरही. पहिल्या रात्रीचे चित्र सांगते की वीज गेली, आणि ते सगळ्यांना माहीतच असते. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिकोवर धडकले आणि सबंध बेट अंधारात गेले. वीज सगळीकडचीच गेली होती. फरक दिसला तो पुढच्या महिन्यांत. वीज सर्वत्र परतायला जवळपास ११ महिने लागले. नासाच्या संशोधकांनी रात्रीच्या उजेडाची रोजची नोंद तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. ग्रामीण, दुर्गम भाग सर्वाधिक काळ अंधारात राहिले आणि एकाच शहरातल्या वेगवेगळ्या वस्त्यांतही मोठी तफावत होती. तिथल्या मृतांचा सरकारी आकडा आधी ६४ होता. ऑगस्ट २०१८ मध्ये तो २,९७५ करण्यात आला. हे सगळेच मृत्यू वीज नसल्यामुळे झाले असे नाही. पण तो अंदाज वादळानंतरच्या अनेक महिन्यांचा होता, एवढे तरी विसरता येत नाही.

मे २०१९ मध्ये फनी चक्रीवादळ ओडिशात पुरीजवळ धडकले, तेव्हाही भुवनेश्वर आणि कटक यांची वादळापूर्वीची आणि नंतरची चित्रे नासाने प्रसिद्ध केली. शहरे होती म्हणून ती लगेच नजरेत भरली. मुळात ज्या वाडीवर चार-दोन दिवे, तिचा उजेड उपकरणाच्या स्वतःच्या खरखरीतच, म्हणजे दिवे नसतानाही त्यात उमटणाऱ्या फसव्या नोंदींत, बुडून जातो. वीज असतानाही जी दिसत नव्हती, ती वीज गेल्यावर नकाशात ‘बाधित’ कशी ठरणार? टक्केवारीच्या नकाशावर विसंबून मदतीची गाडी पाठवली, तर ती पुन्हा शहराकडेच वळेल. अशा ठिकाणी कोणत्या वाहिनीवरचे कोणते रोहित्र बंद आहे, ही वायरमनची नोंदच कामाची. उपग्रह तिची जागा घेऊ शकत नाही. ‘९५ टक्के पुरवठा सुरळीत’ अशा निवेदनांना पडताळून पाहणारा बाहेरचा साक्षीदार मात्र तो होऊ शकतो. उपकेंद्रे सुरू झाल्याची टक्केवारी आणि ग्राहकांची टक्केवारी यांतली गल्लत अशा निवेदनांत सर्रास होते.

तेव्हा विनंती अशी. चित्रासोबत दोन्ही रात्रींच्या तारखा आणि वेळ छापावी. ‘आधी’चे चित्र एका रात्रीचे की अनेक रात्रींच्या सरासरीचे, ते लिहावे. ढगांखालचा भाग वेगळ्या रंगात ठेवावा. आणि वादळानंतर चौथ्या आठवड्यात तोच नकाशा पुन्हा काढून, अजून अंधारात दिसणाऱ्या भागांत वार्ताहर पाठवावा. वाड्यांची यादी मात्र त्याने वीज कार्यालयातून घ्यावी. नासाची ही आकडेवारी कुणालाही विनामूल्य मिळते, त्यामुळे खर्च काय तो वार्ताहराच्या प्रवासाचा.

आपला,
एक नियमित वाचक