खाडीतला मुरूम काढणार कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महामुंबईकडे येणाऱ्या अनेक उच्चदाब वाहिन्यांना ठाणे खाडी किंवा तिचा एखादा फाटा ओलांडावा लागतो. दर वेळी वाद होतो तो किती कांदळवन तुटणार यावर. तो आकडा महत्त्वाचा आहेच. पण तोडीच्या यादीत नसलेली झाडेही नंतर उभ्याउभ्या वाळतात. त्याला बहुधा मनोरा कारणीभूत नसतो, तर मनोऱ्यापर्यंत क्रेन आणि मिक्सर नेण्यासाठी टाकलेला मुरमाचा 'तात्पुरता' रस्ता.

तिवराची (कांदळवनातल्या एका झाडाची) श्वसनमुळे चिखलातून जेमतेम वीतभर वर येतात. ओहोटीला ती उघडी पडतात म्हणून झाड जगते. भराव आडवा पडला की एका अंगाला पाणी तुंबून मुळे गुदमरतात, दुसऱ्या अंगाला भरती पोचत नाही आणि मीठ साचत जाते. भरावाखाली एखादा ६०० मिमीचा ह्यूम पाइप (काँक्रीटचा नळ) घालून काम भागवले जाते, पण तो मूळ ओहळाच्या तळापेक्षा वर बसला तर काही उपयोग होत नाही आणि गाळाने लवकरच बुजतो.

भरावाला पर्याय आहेत. खाडीलगतच्या मनोऱ्यांचे साहित्य मोठ्या भरतीच्या वेळी तराफ्यावरून नेता येते. आतल्या भागात जिओटेक्स्टाइलवर (मातीवर अंथरायच्या कृत्रिम कापडावर) लाकडी किंवा पोलादी मॅट अंथरून यंत्रे नेता येतात आणि काम संपले की मॅट उचलता येतात. पाइलिंगचे (खोल खांबांच्या पायाचे) बेंटोनाइट, म्हणजे खोदलेले भोक ढासळू नये म्हणून वापरतात ती चिकणमाती, चिखलात खड्डा खणून न साठवता पोलादी टाकीतच ठेवावे. मिक्सर धुतलेले पाणी तीव्र अल्कधर्मी असते, ते खाडीत सोडू नये. खणलेल्या काळ्या चिखलाचे ढीग तर मुळीच ठेवू नयेत. त्यातल्या लोहाच्या सल्फाइडला हवा लागली की गंधकाम्ल तयार होते आणि पहिल्या पावसात ते भोवती पसरते. जो थर जसा निघाला तसाच लगेच परत भरावा, उरलेला बाहेर न्यावा.

तारांखालची तोड तर बरीचशी टाळता येते, आणि तो निर्णय आराखड्याच्या टेबलावरच होतो. २२० केव्ही (किलोव्होल्ट) वाहिनीचा वाहक, म्हणजे वीज वाहणारी तार, जमिनीपासून किमान ७.०१५ मीटर उंच हवा, तर झाडापासून ४.६ मीटर दूर. तिवर ६ मीटरचे धरले तर तारेचा झोळ सर्वांत जास्त असतानाही वाहक १०.६ मीटरवर राहायला हवा. म्हणजे मनोऱ्याला ६ मीटरचे वाढीव पाय लावले की झाडांना वाढायलाही जागा उरते. पोलाद आणि पायाचा खर्च वाढतो, हे मान्य. पण २२० केव्ही वाहिनीखालचा पट्टा ३५ मीटर रुंद असतो, म्हणजे दर किलोमीटरला साडेतीन हेक्टर. तेवढे वन उभे राहणार असेल तर हा खर्च सार्थकी लागतो. तारा ओढण्यासाठीही पट्टा साफ करावा लागत नाही. ड्रोनने हलकी दोरी पलीकडे नेतात, तिला जाड दोर आणि मग वाहक बांधून टेन्शनर-पुलर या ताण राखून ओढणाऱ्या यंत्रांच्या साह्याने तो अधांतरीच ओढतात. तोड उरते ती पायाच्या चौरसाभोवती. तिथेही शक्य असेल तिथे मुळे उपटू नयेत, नाहीतर गाळ सुटतो.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कांदळवनांच्या नाशाला बंदी घातली आणि भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यालाही संरक्षण दिले. सार्वजनिक प्रकल्पांना परवानगी मिळते ती अटींसह. पण अट कंत्राटाच्या दरपत्रकात उतरली नाही तर जागेवर ती कोणी पाळत नाही. म्हणून निविदेत 'भराव काढणे' ही स्वतंत्र बाब असावी. काम सुरू होण्याआधी दर १० मीटरवर जमिनीची पातळी मोजून नोंदवावी, काम झाल्यावर त्याच बिंदूंवर पुन्हा मोजावी. एक पावसाळा उलटून ओहळ पूर्ववत वाहताना दिसेपर्यंत या बाबीचे पैसे अडवून ठेवावेत.

'देखभालीला रस्ता राहू द्या' ही मागणी शेवटी येतेच. ती मान्य करू नये. पाहणी होडीतून आणि ड्रोनने होते, मोठी दुरुस्ती निघालीच तर मॅट पुन्हा अंथरता येतात. राहिलेल्या मुरमाच्या रस्त्यावरून राडारोड्याचे डंपर खाडीत शिरतात, आणि मग मनोऱ्यापासून कितीतरी दूरचे कांदळवन बुजते.

आपले,
पारेषण वाहिन्यांच्या स्थापत्यकामातील काही अभियंते, ठाणे