ओढ्याला भिंत बांधण्याआधी टेकडीवर या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यातल्या तळजई टेकडीवर मी वीस वर्षं फिरायला जातो. दोन चकरा, देवीचं दर्शन आणि घर. गेल्या रविवारी मात्र तिथल्याच पाचगाव पर्वतीच्या वनविहारात काही हौशी मंडळींनी काढलेल्या पायी सहलीत सामील झालो. सोबत मृद्‌संधारणाच्या कामातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. पक्षी नाहीत, फुलं नाहीत. त्यांनी आम्हाला दोन तास नुसती जमीन बघायला लावली.

आधी त्यांनी पाण्याची बाटली पायवाटेवर उपडी केली. पाणी मुरलं नाही, सरळ उताराला लागलं. दुसरी बाटली दोन हातांवरच्या गवतात ओतली, ती तिथेच जिरली. ती वाट आमच्याच बुटांनी घट्ट केलेली, हे कुणाला सांगावं लागलं नाही. गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) झाडांच्या दाटीखाली गवत नावालाही नव्हतं. नुसतं हिरवं दिसलं म्हणजे पाणी धरतंच असं नाही, हे तिथे कळलं.

मग समतल चर दाखवले, म्हणजे पाणी अडवायला उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर. दहा मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल चरात एका वेळी १,८०० लिटर पाणी मावतं. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस झाला की चार लाख लिटर पाणी होतं. हिशेब आपला आपण करावा. खाली काळा कातळ आणि वर वीतभर मुरूम असला की सगळं काही मुरत नाही. पण जे तास-दोन तास उशिरा खाली येतं, तेवढ्यानेही ओढ्याचा लोंढा बुटका होतो. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या पिकरिंग गावाने पुराचा लोंढा मंदावण्यासाठी वरच्या अंगाच्या ओढ्यांत मुद्दाम ओंडक्यांचे गळके बांध घातले, झाडं लावली, पाणी साठवायला मोठा मातीचा बांधही केला. गळक्या बांधाचं ऐकून आमचे वाटाडे हसले. ओघळीत नुसते दगड रचून केलेले आपले अनगड दगडी बांध दुसरं काय करतात? पाणी आधी माथ्यावर अडवा, मग खाली या, हे ‘माथा ते पायथा’ आपण खेड्यांना शिकवलं आणि शहरात पायथ्यापासूनच सुरुवात केली.

याच टेकडीच्या पूर्वेच्या उताराचं पाणी आंबील ओढ्याला मिळतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्या ओढ्याने काय केलं, ते पद्मावती-अरण्येश्वर भागात कुणाला विचारायला नको. आमच्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं. तेव्हापासून ओढ्याचा विषय निघाला की उत्तर एकच, सीमाभिंत. भिंत हवी तिथे हवीच. पण दोन्ही काठांना भिंती घालून पात्र आवळलं की पाणी आणखी वेगाने पुढच्या वस्तीवर जातं. ओढ्याला पसरायला जागा होती, तिथे आता आपण राहतो.

एक गफलत मात्र करू नये. २०२४ च्या जुलैत नदीकाठच्या एकतानगरीत शिरलेलं पाणी खडकवासला धरणातून सोडलेलं होतं. त्याला तळजईवरचे चर काय करणार? ढगफुटीसारख्या पावसापुढेही ते एकटे पुरणार नाहीत. पण दर पावसाळ्यात दोन-चार मोठ्या सरी येतात आणि रस्त्यांचे ओढे होतात, त्यांना हा उपाय लागू पडतो आणि भिंतीच्या मानाने स्वस्तही आहे.

माझ्या मागण्या तीन. टेकड्यांवरचे जुने चर पावसाळ्याआधी गाळ काढून मोकळे करावेत. उतारावरून सरळ खाली उतरणाऱ्या पायवाटा तिरप्या वळवाव्यात. आणि ओढ्याकाठी उरलीसुरली मोकळी जागा आहे, तिथे काँक्रीट नको. हे लिहिताना थोडा ओशाळतो आहे, कारण आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी उघड्या मातीवर कडेपर्यंत पेव्हिंग ब्लॉक बसवले आणि त्या ठरावावर माझीही सही आहे. पुढच्या सभेत निदान झाडांभोवतीचे काढायला सांगणार आहे. चिखलाची तक्रार होईल, ती ऐकून घेईन.

पुढची सहल जुलैत, भर पावसात आहे. ओढ्यांच्या कामाची अंदाजपत्रकं ज्यांच्या टेबलावरून जातात, त्यांनी जरूर यावं. जुने बूट घालावेत.

आपला,
एक वाचक, पद्मावती, पुणे