‘कॉम्प्युटर सेट – १ नग’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या दसऱ्याला, वयाच्या ६४ व्या वर्षी, मी घरी पहिल्यांदा डेस्कटॉप जोडला. हे पत्र त्या कौतुकाचे नाही, त्याच्या बिलाचे आहे. पण जोडणीचे थोडे सांगितल्याशिवाय बिलाचे दुखणे कळायचे नाही.

आमचा जुना संगणक २०१४ सालचा. त्यावरच्या विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होते आणि विंडोज ११ त्यावर चढायला तयार नव्हते. आठवीतली नात म्हणाली, “आबा, तयार कशाला आणताय? आपणच जोडू.” मी भोसरीला ३१ वर्षे टूलरूममध्ये फिटर होतो. नाही म्हणायला तोंड नव्हते.

घटस्थापनेच्या आठवड्यात सामान आणले. त्याच सुमाराला, २२ सप्टेंबरला, जीएसटी उतरला म्हणून सगळे खुशीत होते. आमच्या सामानावर आधी १८ टक्के होता, नंतरही १८ च. प्रोसेसर, सगळे भाग जिथे जोडले जातात तो मदरबोर्ड, आठ-आठ जीबीच्या रॅमच्या म्हणजे मेमरीच्या दोन पट्ट्या, एसएसडी म्हणजे माहिती साठवणारा छोटा ड्राइव्ह, एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा आणि कॅबिनेट. खंडेनवमीला माझ्या पक्कड-स्क्रू ड्रायव्हरांबरोबर हे खोकेही पूजेला ठेवले. दसऱ्याला दुपारी जेवणे उरकल्यावर गणपतीचा चौरंग मागितला. सौ.नी तो दिला, पण वर जुनी चादर घालण्याच्या अटीवर.

आमच्या मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागी १७१८ बारीक पिना आहेत. चाळिशी लावूनही त्या मोजता येणार नाहीत, नुसती सोनेरी मखमल दिसते. प्रोसेसर तिथे दाबायचा नाही, कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळवून अलगद सोडायचा. मग बाजूची कडी खाली ओढायची, तिला मात्र चांगलाच जोर लागतो. ती कुरकुरली तेव्हा आम्ही दोघांनी श्वास धरला. कडी बसताना वरचे काळे प्लास्टिकचे झाकण टुणकन उडाले. नात ते कचऱ्यात टाकत होती. बोर्डाच्या पुस्तिकेत बजावले होते की दुरुस्तीला देताना हे झाकण लागेल, जपून ठेवा. ते मी देवघराच्या खणात ठेवले.

स्क्रूंनी मात्र माझी करमणूक केली. कॅबिनेटबरोबर आलेल्या एकाच पुडीत दोन घराण्यांचे आटे! एक जाडसर, इंचाला ३२ आट्यांचा; दुसरा तीन मिलिमीटरचा, अर्ध्या मिलिमीटर पिचचा, म्हणजे दोन आट्यांत तेवढे अंतर. एसएमपीएसला पहिला, छोट्या ड्राइव्हला दुसरा. उलट लावलात तर दोन फेरे जातो आणि तिसऱ्याला आटे खातो. तो फरक माझ्या बोटांना लगेच कळला. पहिल्यांदा जोडणाऱ्या पोराला कोण सांगणार? प्रोसेसरवरच्या पंख्याचे चार स्क्रू मी कर्णावर, थोडे थोडे करत आवळले. सिलिंडर हेड असेच आवळतात, हे नातीला त्या निमित्ताने शिकवून झाले.

बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. एक मिनिट, दोन मिनिटे. सौ. दारातून म्हणाल्या, “झालं का?” मी प्लग काढायला हात घातला, तो नातीने धरला. तिने पुस्तिका वाचली होती: नव्या बोर्डाला पहिल्या खेपेला रॅमची ओळख करून घ्यायला काही मिनिटे लागतात, तोवर वीज तोडायची नाही. चौथ्या मिनिटाला पडदा उजळला. नातीने चौरंगाला नमस्कार केला, मला मात्र खाली बसावे लागले.

आता बिल. डिसेंबरात संगणक मधेच गोठू लागला. एक पट्टी काढून, दुसरी लावून पाहिले. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर चालवला. एका पट्टीत चुका दाखवणाऱ्या लाल ओळींची रांगच, दुसरी निर्मळ. दोष हाती आला म्हणून मी निर्धास्त होतो, कारण रॅमच्या खोक्यावर १० वर्षांची वॉरंटी छापली आहे. कंपनीच्या सेवा केंद्राने बिल मागितले. बिलावर काय, तर ‘कॉम्प्युटर सेट – १ नग, वॉरंटी १ वर्ष’. केंद्रातला मुलगा सभ्यपणे म्हणाला, “काका, यात आमची रॅम कुठंय?”

खरेच, कुठे होती? मी सेट घेतलाच नव्हता, सहा प्रकारच्या वस्तू घेतल्या होत्या. माझ्या खोक्यांवर प्रोसेसरला ३ वर्षे, एसएसडी आणि एसएमपीएसला ५-५ वर्षे लिहिले आहे. त्या एका ओळीने सगळ्यांची मुदत एक वर्षावर आणली. दुकानदार म्हणाला, “संपूर्ण सेट घेऊन या, बघू.” पुढच्या खेपेला म्हणाला, “नवीन पट्टी घ्या ना, कशाला त्रास?” एव्हाना मेमरी बनवणाऱ्यांनी आपला माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवल्यामुळे तीच पट्टी दुपटीच्या वर गेली होती. त्रास तो हाच.

मी त्याला लबाड म्हणणार नाही. या धंद्यात नफा फार थोडा, गर्दी फार, आणि सहा ओळींऐवजी एक ओळ टाइप करणे सोपे. पण प्रत्येक वस्तूवर त्याने आपल्या दुकानाची तारखेची चिठ्ठी न विसरता चिकटवली होती. म्हणजे कुठली वस्तू कधी गेली, हा हिशेब स्वतःपुरता त्याच्याकडे चोख आहे. तोच गिऱ्हाइकाच्या कागदावर का नको? जीएसटीच्या ४६ व्या नियमानुसार बिलावर मालाचे वर्णन आणि संख्या लागते. माझे म्हणणे, सुट्या भागांच्या बिलात प्रत्येक भागाला वेगळी ओळ असावी आणि पुढे त्याचा सिरियल नंबर असावा. तो खोक्यावरच्या बारकोडखाली छापलेलाच असतो. व्यापारी संघटनांनी एवढे मनावर घेतले तरी पुरे. तोवर घेणाऱ्याने दुकानाबाहेर पडण्याआधी बिल वाचावे. मी वाचले नाही, ही चूक माझीच.

चौथ्या खेपेला मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा नुसता उच्चार केला. फोन लावावा लागला नाही. सहा ओळींचे बिल, जुन्याच तारखेचे, दहा मिनिटांत निघाले. पट्टी बदलून मिळायला पुढे १९ दिवस लागले, पण मिळाली.

आता वाड्यातल्या शेजाऱ्यांना त्यांच्या मुलासाठी डेस्कटॉप जोडून हवा आहे. परवा यादी घेऊन त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने ओळखले, चहा मागवला आणि की-बोर्ड पुढे ओढत विचारले, “काका, बिल सेटचंच करू ना?”

आपला,
एक निवृत्त फिटर,
नारायण पेठ, पुणे ३०