‘स्वयंपाकाला कोण असतं?’

मुरुड, ता. दापोली
११ जानेवारी

प्रिय मंगल,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा ‘पाहुणे गेले की करते’ म्हणाले, आणि केला नाही. रागावली असशील. आम्ही बरे आहोत. ह्यांची साखर आटोक्यात आहे, माझा गुडघा आहे तसाच. फोनवर हे मला सांगता येणार नाही, तू मध्येच बोलशील आणि मी गप्प होईन. म्हणून लिहितेय. आणि हे तुलाच लिहायला हवं, का ते पुढे कळेल.

वनिता तुला आठवते ना? मागच्या मे महिन्यात तू तिच्या हातचं बिरडं तीनदा वाढून घेतलंस आणि ती लाजून आत पळाली होती. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमची निम्मी पोफळ आडवी झाली आणि तिच्या घरावरचे पत्रे उडाले. पोफळ पुन्हा धरायला सहा-सात वर्षं लागतात, तोवर खायचं काय, म्हणून माडीवरच्या तीन खोल्या पाहुण्यांना द्यायला लागलो. ती आली तेव्हापासून घरातली चूल तिचीच. लोक समुद्रासाठी येतात आणि दुसऱ्यांदा तिच्या घावण्यांसाठी येतात, हे मी कौतुकानं नाही, वहीतले हिशेब बघून सांगतेय.

२६ डिसेंबरला पुण्याहून एक कुटुंब आलं. सात माणसं, तिन्ही खोल्या, दोन रात्री. आजोबा सत्तरीचे, बोलणं एकदम गोड. आल्या आल्या झोपाळ्यावर बसून म्हणाले, “आपल्यातलं घर बघूनच ठरवलं. निर्धास्त वाटतं.” मी हसले. तिथेच चुकलं गं. रात्री मोदक झाले, बिरडं, कुळथाचं पिठलं, सोलकढी. दुसरा मोदक फोडता फोडता आजोबा म्हणाले, “स्वयंपाकाला कोण असतं?” मी म्हटलं, वनिता. “हो, पण आडनाव काय त्यांचं?”

आडनाव कशाला विचारतात ते तुला मी सांगायला नको.

आणि मी म्हणाले, “स्वयंपाक मीच करते. ती वरकामाला असते.”

विचार करून नाही बोलले मंगल. जिभेवर तयारच होतं, जणू कोणीतरी आधीच ठेवून दिलं होतं. वनिता दाराआड तुपाची वाटी घेऊन उभी होती. तिनं वाटी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि मागच्या दारानं घरी गेली. त्या रात्री भांडीसुद्धा मी घासली.

सकाळी सात वाजता ती वेळेवर आली आणि अंगण झाडायला लागली. मी म्हटलं, अगं पीठ भिजलंय, घावणे घालायचेत. ती खराटा न थांबवता म्हणाली, “वहिनी, मी वरकामाला आहे ना.”

मला काही सुचेना. आत आले, ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “दोन रात्रींचा प्रश्न आहे, उद्या जातील, मग वनिताशी बोल.” यांचं हे असंच, तुला माहीत आहे, तुमचं दोघांचं भांडण मी अजून विसरलेले नाही. मी घावणे घातले, टेबलावर नेले आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. काल मी खोटं बोलले. रात्रीचं सगळं वनितानं केलं होतं. ती आमच्या बौद्धवाडीतली आहे, सहा वर्षं आम्ही तिच्याच हातचं जेवतो. ज्यांना चालत असेल त्यांनी राहावं, नसेल त्यांचे पैसे परत.

आजोबा म्हणाले, “तुम्ही आमची फसवणूक केलीत.” खरंच होतं ते, मी फसवलं होतं. मग म्हणाले, आमचं सोवळं आहे, कुणाबद्दल आकस नाही. मी म्हटलं, सोवळं तुमच्या घरी पाळा, इथे माझ्या माणसाची जात विचारून जेवता येणार नाही. त्यावर त्यांच्या मुलानं वाडीतल्या लोकांबद्दल एक शब्द वापरला. तो मी या कागदावर उतरवणार नाही. खिडकी उघडी होती, अंगणात खराट्याचा आवाज थांबला. मी म्हटलं, दहाच्या आत खोल्या मोकळ्या करा. आगाऊ घेतलेले नऊ हजार तिथल्या तिथे परत केले. सून मात्र खाली मान घालून घावणा संपवत होती. नवऱ्यानं दोनदा हाक मारली तरी उठली नाही, पानातला शेवटचा तुकडा खाऊन मगच उठली. ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

गाडी फाटकाबाहेर पडली आणि मला वाटलं, झालं, फेडलं आपण. धावत वनिताकडे गेले. खोटं कशाला सांगू, शाबासकी हवी होती मला. ती म्हणाली, “वहिनी, काल लपवलंत, आज सगळ्यांसमोर सांगितलंत. दोन्ही वेळा मला कुठे विचारलंत?”

खराटा भिंतीला टेकवून घरी गेली, आणि नऊ दिवस आली नाही.

आता तुला कळलं ना, तुलाच का लिहितेय? दहावीनंतरची सुट्टी. केळशीला आजीच्या घरी तुला घेऊन गेले आणि ओटीवर पाय ठेवायच्या आत आजीनं विचारलं, कुणाची गं ही? मी तुझ्या नावापुढे भलतंच आडनाव लावून मोकळी झाले. आजीनं लाडानं आत नेलं, पाटावर बसवलं. तू त्या वर्षी पैज लावून अकरा मोदक खाल्लेस, बाळूदादा आकडा मोजताना तोंडाला पदर लावून हसणाऱ्या काकूला गप्प करत होता, आणि मला वाटत होतं मी किती हुशार! परत येताना केळशीच्या थांब्यावर तू तोंड उघडलंस ते दापोलीपर्यंत मिटलं नाहीस. कंडक्टरनं विचारलं, “पोरींनो, तिकीट काढताय की कोर्टात जाताय?” तेव्हा तू मला बडोद्याचं सांगितलंस. १९१७ साल, बाबासाहेब परदेशात शिकून नोकरीसाठी बडोद्याला आले, राहायला जागा कोणी देईना, शेवटी पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात. संध्याकाळच्या आत बाहेर. कामाठीबागेत बसून राहिले, रात्रीच्या गाडीपर्यंत. तू म्हणालीस, “त्यांनी स्वतःचं नाव स्वतः लपवलं, जागा नव्हती म्हणून. माझं तू लपवलंस, न विचारता. तू मला वाचवलं नाहीस, पुसलंस.”

मी तेव्हा रडले आणि तुलाच म्हटलं की तू कृतघ्न आहेस. चार वर्षं बोललो नाही आपण. आणि बघ, चाळीस वर्षांनी मी तेच केलं, माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात.

त्या चार वर्षांच्या अबोल्यानंतर तू मला महाडला नेलंस, समेट म्हणून. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून आपण शेंगदाणे खाल्ले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे दलित तिथं पाणी प्यायले म्हणून नंतर सवर्णांनी एकशेआठ घागरी पंचगव्य ओतून तळं शुद्ध करून घेतलं, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं, घोटभर पाण्यासाठी! तू मला म्हणालीस की सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या करणाऱ्या १९२३ च्या बोले ठरावात विहिरी-पाणवठ्यांसोबत धर्मशाळाही होत्या. ते तेव्हा कानावरून गेलं. आता रोज आठवतं, कारण आता माझीही एक धर्मशाळाच आहे की. इथून पालगड जवळ, सानेगुरुजींचं, ज्यांनी १९४७ साली पंढरपूरचं देऊळ उघडावं म्हणून प्राणांची बाजी लावली. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगडात. पाहुण्यांना मी ही गावं नकाशावर दाखवते, वाटेत काय बघाल म्हणून.

आमच्या होमस्टेवाल्यांचा एक गट आहे फोनवर, गावोगावचे मालक. मी तिथे लिहिलं. दोघी-तिघींनी हात जोडले. एकानं सल्ला दिला, “पाहुण्याला आवडेल ते बोलावं, धंदा आहे.” आणखी एकानं लिहिलं की आडनाव बघूनच बुकिंग घ्यावं, म्हणजे दोन्हीकडचा त्रास वाचतो. मला संताप आला. उत्तर लिहायला घेतलं आणि अर्ध्यात थांबले. दोन वर्षांपूर्वी भिवंडीहून एका बाईंचा फोन आला होता, नवरा, सासू आणि दोन मुलं. नाव ऐकलं आणि मी ‘फुल्ल आहे’ म्हणाले. दोन खोल्या रिकाम्या होत्या. दुसऱ्या पाहुण्यांना चालणार नाही असं मनाशी म्हटलं. ते पाहुणे तर आलेही नव्हते, मंगल. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. भाचा वकील आहे, त्यानं घटनेचं पंधरावं कलम वाचून दाखवलं. धर्म, जात बघून दुकानात, हॉटेलात कोणाला मज्जाव करता येत नाही. म्हणजे वाईट वागला म्हणून पाहुण्याला घालवता येतं, पण तो कोण आहे म्हणून दार लावता येत नाही. आजोबांना मी घालवलं ते ठीक, भिवंडीच्या बाईंना घालवलं त्याचं काय करू? नंबर जपून ठेवलेला नाही.

भाचा असंही म्हणाला की मुलानं जे बोललं त्यावर ॲट्रॉसिटीची तक्रार होऊ शकते, त्यानं चारचौघांत बोललंय. या वेळी मी आधी वनिताला विचारायला गेले. त्यांच्या घरी. ती म्हणाली, “ते पुण्याला गेले. पोलीस ठाण्यात मी उभी राहायची, आणि मुलीचं लग्न ठरतंय. नको.” मी बरं म्हटलं. मग तिनं चहा केला. मी कपाला तोंड लावलं आणि ध्यानात आलं की सहा वर्षांत या घरात मी पहिल्यांदा चहा पितेय. दारातून हाक मारायची, निरोप द्यायचा, परत यायचं. कधी बसलेच नव्हते. मनाई कुणाची होती? कुणाची नव्हती. वनितालाही ते कळलं असणार, कारण तिनं माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता साखरेचा डबा पुढे सरकवला.

मी माफी मागितली. ती “बरं” म्हणाली. त्यापुढे काही नाही. उठताना म्हणाली, “नऊ दिवसांचे खाडे धरू नका.” मी म्हटलं, धरणार नाही. आणि एक अट घातली तिनं, यापुढे टेबलावर वाढायला ती स्वतः येणार, आतून वाट्या देणार नाही. कोणी विचारलं तर काय सांगायचं ते ती ठरवेल, मी तोंड उघडायचं नाही. मी कबूल केलं. हे बरोबर केलं का मी? की एवढं ओझं पुन्हा तिच्यावरच टाकलं? पाहुण्यांना बुकिंगच्या वेळीच लिहून पाठवावं असं माझ्या मनात आहे, की इथं कोणाची जात-धर्म विचारली जात नाही आणि विचारू दिली जात नाही. वनिता म्हणते, पाटी लावली की लोक पाटीकडे बघून माझ्याकडे बघणार. ह्यांचं मत, एवढं लिहिलं तर कोणी येणार नाही. तुझं सांग. स्पष्ट सांग, मला लागलं तरी चालेल.

त्या कुटुंबानं नेटवर आम्हाला एकच तारा दिलाय. ‘जेवणात अस्वच्छता, मालकीण उद्धट.’ उद्धट लिहिलंय त्याचं काही नाही. ‘अस्वच्छता’ वनिताच्या मुलीनं फोनवर वाचलं आणि आईला दाखवलं. त्याखाली मी उत्तर लिहावं का, आणि लिहायचं तर वनिताचं नाव न घेता कसं, यात तीन रात्री गेल्या. चार कच्चे मसुदे वहीत पडलेत. तू बँकेत इतकी वर्षं असल्या तक्रारींना उत्तरं दिलीस, एक लिहून पाठव ना.

आईंचा मोतीबिंदू झाला का? लेक जर्मनीला रुळली असेल, तिथल्या थंडीत तिला कुळथाचं पीठ पाठवायचंय, पत्ता दे. तुझ्या निवृत्तीचा समारंभ मी चुकवला, त्याबद्दल वेगळं भांडू.

परवा मुंबईहून चौघं येतायत. वनिता सकाळपासून वाल सोलतेय, मी समोर बसून नारळ खवतेय, म्हणून अक्षर असं तेलकट. फारसं बोलत नाही ती. आत्ताच विचारलं, “कुणाला लिहिताय एवढं?” म्हटलं, मंगलला. ती म्हणाली, “त्यांना सांगा, मे महिन्यात या. फणसाची भाजी करीन.” हा निरोप तिचा आहे, तिला विचारून लिहितेय.

तुझी,
सुमन

ता. क. केळशीच्या घरातले आजीचे पाट मी आणलेत इकडे. तू येशील तेव्हा कुठे बसायचं ते तू सांग.