घोडं जत्रेत नको, ठाणावर बघ

मखमलाबाद, नाशिक
१६ नोव्हेंबर

प्रिय दिगू,

परवा तुझा फोन आला तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. फोनवर तू कुणाचं ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहायलाच बसलो. गिरणाऱ्याच्या दोन एकरांत घोडा बांधायचा, मुक्ताला शिकवायचं, सगळं झकास आहे. पण "दत्तजयंतीला सारंगखेड्याला जातो आणि एक पांढराशुभ्र नुकरा घेऊन येतो" हे तू ज्या सुरात म्हणालास ना, त्याच सुरात सहा वर्षांपूर्वी मी हिला म्हणालो होतो. ती अजून ऐकवते.

सारंगखेड्याला जरूर जा. तापीकाठची एकमुखी दत्ताची यात्रा एकदा तरी बघायलाच हवी. मारवाडी, काठियावाडी, नुकरे अशा सगळ्या जातींचे घोडे एकाच ठिकाणी बघायला मिळतात. कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडलेला मारवाडी जवळून बघितलास की गेलासच तू कामातून. डोळे भरून बघ आणि रिकाम्या हाताने परत ये. आपल्या येवल्याच्या मंगळवारच्या बाजारालाही हेच लागू. बाजारात भाव कळतो, जाती कळतात, नालबंदाशी ओळख होते. घोडा कळतो तो त्याच्या ठाणावर, म्हणजे रोज जिथे बांधला जातो तिथे.

माझ्या पहिल्या घोड्याची, बादलची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. एका जत्रेत घेतला, कुठल्या ते जाऊ दे. पंचकल्याणी, चारही पाय पांढरे, कपाळावर पट्टा. दलालाने रुमालाखाली बोटं धरून सौदा केला, त्या बोटांचा हिशेब मला आजही कळलेला नाही. पुतण्याला पाठीवर बसवलं तरी घोडा हलला नाही, मी म्हटलं, अगदी गरीब गाय आहे. आठव्या दिवशी पहाटे गोठ्यातून ढेकर दिल्यासारखा आवाज. जाऊन बघतो तर पठ्ठ्या गव्हाणीच्या फळीवर वरचे दात रोवून, मान ताणून हवा ओढतोय. जत्रेत बांधला होता लोखंडी मेखेला, तिथे दात रोवायला फळी होतीच कुठे? आणि गळ्यात तो रंगीत गोंड्यांचा पट्टा घट्ट आवळलेला असायचा, तो शोभेचा नव्हता, ही हवा ओढायची खोड दाबायला होता, हे मी तो काढून ठेवल्यावर कळलं. या खोडीने पोटशूळाचा धोका वाढतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे त्याचं पोट बिघडलं की खेळ नसतो. दोन रात्री आम्ही नवरा-बायकोने टॉर्च घेऊन त्याला अंगणात फिरवलंय.

त्या वेळी आलेल्या डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडलं. ओठ वर केला आणि म्हणाले, "इकडे या, हे बघा." वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीपासून निघालेली तपकिरी रेघ, दाताच्या निम्म्याच्या जरा अलीकडे थांबलेली. ही खाच साधारण १० व्या वर्षी हिरडीतून डोकावते, १५ व्या वर्षी निम्म्यावर येते, २० व्या वर्षी दाताच्या टोकाला पोचते. म्हणजे मला ७ वर्षांचा म्हणून विकलेला बादल १४ च्या आसपास होता. खालच्या दातांवरचे काळे खळगे ६ ते ८ वर्षांच्या दरम्यान झिजून जातात, वय कमी दिसावं म्हणून ते कोरून पुन्हा काळे करणारे कलाकारही आहेत, हे तेव्हा समजलं.

पण खरं सांगू? वय हा बादलचा दोष नव्हताच. नवशिक्याला १० ते १२ वर्षांचं, जग बघितलेलं जनावरच बरं. तू आणि मुक्ता दोघंही कोरे, त्यात घोडाही तीन वर्षांचा कोरा आणलास तर कोण कुणाला शिकवणार? आणि नर तर नकोच. घोडी घे, नाहीतर खच्ची केलेला घे. नाचरा घोडाही नको. तू लगाम उचलायचा आणि तो पाय उचलून ठेका धरायचा, मुक्ता रडायची.

बादलनंतर शहाणा झालो. निफाडकडे एका शेतकऱ्याकडे एक कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाची नि काळ्या आयाळीची घोडी होती, ती बघायला तीनदा गेलो. पहिल्यांदा वेळ कळवून गेलो, घोडी मेणासारखी. पाठीवरून हात फिरवला तर खोगिराखालचे केस ओलसर. हिवाळ्यातली सकाळ, आठ वाजलेले, आणि जनावराला घाम? आम्ही येण्याआधीच कुणीतरी दमवून ठेवली होती. दुसऱ्यांदा न सांगता पहाटेच गेलो. खरारा चालू होता, पोटाखाली ब्रश गेला की ती दात काढायची, पण मागचा पाय उचलत नव्हती. एवढं मला चालणार होतं. शेतकऱ्यालाच आधी चढायला लावलं. मालक स्वतः बसायला का-कू करत असेल तर मुकाट चहा पिऊन परत यायचं. तिसऱ्यांदा डॉक्टरांना घेऊन गेलो. डांबरी रस्त्यावर दुडकी चालवली. डोळे मिटून टापा ऐकायच्या, ठेका तुटतो का ते कळतं. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर झटकली जाते. चारही खूर उचलून बघितले, खुराला कुजका वास नाही, हाताला ऊन लागत नाही. तीच आपली राणी.

घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांबद्दल तुझे सासरे बोलतीलच. देवमण शुभ, अमका भोवरा धन्याला खातो वगैरे. त्यांचा मान राख, मान डोलव. पण भोवरा मोजण्यात जेवढा वेळ घालवशील तेवढाच खूर बघण्यात घाल.

एक गोष्ट मात्र कुणाचंही न ऐकता कर. सौदा पक्का करण्याआधी रक्ताची ग्लँडर्सची तपासणी. आपल्याकडे त्याला शेंब्या म्हणतात. तो माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि जनावराला निघाला तर कायद्याने ते मारावंच लागतं. पशुवैद्यक रक्त घेऊन तपासणीला पाठवतात. हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, या रोगाच्या तपासणीतलं ते मोठं नाव. अहवाल येईपर्यंत विसार देऊन थांबायचं. "न्यायचा तर आजच न्या" म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार. धनुर्वाताची लस मात्र आहे, ती आणल्या आणल्या टोचून घे.

खर्चाचं थोडक्यात सांगतो, नाहीतर वहिनी हे पत्र फाडतील. घेण्याची किंमत एकदाच लागते, चारा रोज. साडेतीनशे किलोच्या जनावराला दिवसाला सात-आठ किलो कोरडा चारा धर, वर थोडी चंदी, म्हणजे दाणा. नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनी. पावसाळ्यात कडब्याला बुरशी धरते, तो चुकूनही घालायचा नाही. तुझ्या शेजारी द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणीनंतर तिथे फवारण्या सुरू होतात, म्हणून तबेला त्या बांधाला नको, विहिरीच्या बाजूला काढ. प्लॅन पाठवलास त्यात नेमका उलटा आहे.

बादल कुठे आहे विचारशील. इथेच आहे. विकायचा तर त्याची खोड सांगून विकावा लागला असता, आणि सांगितल्यावर घेतं कोण? गव्हाणीची फळी काढून टाकली, दिवसभर मोकळा सोडतो. मुक्ताने आधी त्याच्यावर बसून बघावं असं मला वाटतं.

दिंडोरी रोडला एकाकडे अकरा वर्षांची काठियावाडी घोडी आहे असं कळलंय. शुक्रवारच्या पंचवटी एक्सप्रेसने ये, आमच्याकडेच राहा. जुने बूट आण. मालकाला आपण शनिवारी दहाला येतो असं कळवलंय. आपण सहालाच पोचायचं.

तुझा,
सुध्या