गाडी वाळूच्या अलीकडेच थांबवा

रविवारच्या पुरवणीतील सागरी मार्गाने कोकण भटकंतीचा लेख वाचला. वेसवी-बागमांडला आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटींची माहिती उपयोगी आहे. गाडीसह खाडी ओलांडण्याचा आनंद घाटरस्त्यावर मिळत नाही. मात्र ओहोटीच्या वेळी गाडी थेट पुळणीवर नेण्याचा सल्ला द्यायला नको होता.

थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री येतात, वाळूत दीडेक फूट खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि वाळू सारखी करून समुद्रात परततात. पाहणाऱ्याला वरून काहीच कळत नाही. कासवमित्र पहाटे तिच्या पावलांचा माग काढून अंडी कुंपणात हलवतात. त्यांच्याआधी गाडी फिरली की माग पुसला जातो, वाळू दबते. पन्नासेक दिवसांनी निघणारे पिल्लू तळहातावर मावेल एवढे असते. चाकाच्या खोल चरात अडकून उताणे धडपडणारे पिल्लू मी पाहिले आहे.

वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने हे काम उभे केले. त्यातूनच तिथला कासव महोत्सव सुरू झाला. शिमग्याच्या पालख्यांसाठी येणाऱ्यांची गर्दीही याच सुमारास असते. आपण पुढील अंकात गाडी गावातच उभी करून किनाऱ्यावर पायी जाण्याची सूचना ठळक चौकटीत छापावी, ही विनंती.

– एक वाचक, दापोली