तिथीची पाऊणपट

ठाणे, रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

आई, काल फोनवर तू म्हणालीस, "अमावास्येला ह्यांना यायला जरा उशीर झाला, होडी गाळात बसली." आणि लगेच कोकमांकडे वळलीस. किती वाजता बसली, असं मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "तीनच्या सुमाराला." फोन ठेवला आणि मी हिशेब केला.

बाबा, हा हिशेब तुमचाच. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. वर्गात पाऊणकी मला एकटीलाच येत होती, ती ह्या खाडीमुळे. अमावास्येला रात्री सव्वाअकराची भरती, पहाटे सव्वापाचला पुरती सुकती. तीनला होतं तेवढं पाणी पुन्हा चढायला साडेसात वाजणार. म्हणजे कालावलच्या खाडीत, चिपीच्या झाडांत, तुम्ही साडेचार तास एकटे बसून होता. वय एकाहत्तर. आणि आई तेवढा वेळ धक्क्यावर, हातात बॅटरी.

जरा उशीर नव्हे हा.

कुर्ल्यांचं शेवटचं जाळं मुळांत अडकलं म्हणून थांबलात, असं आईकडून कळलं. उधाणाच्या दिवसांत पाणी जसं वर चढतं तसंच खोल उतरतं, हे तुम्हीच मला सांगायचात. एका जाळ्यासाठी तुम्ही ते विसरलात, ह्याचीच मला जास्त भीती वाटली.

कुर्ल्या सोडा, असं मी म्हणणार नाही. मला आठवतं, बांगड्याची डोकी बांधून कड्यांची जाळी एकेक करून सोडायची, दोरीला बांधलेली थर्माकोलची खूण मी धरायची. पहिल्यांदा कुर्लीच्या डेंग्यात, म्हणजे नांगीत, बोट सापडलं तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत, फक्त म्हणालात, "मागसून धर गो." मग पोटाकडची कवची अंगठ्याने दाबायला शिकवलीत. दबली तर नुकती कात टाकलेली, आत नुसतं पाणी, परत खाडीत. पोटाखाली अंडी धरलेली मादी तर हातात घेतल्या घेतल्या सोडायचात, कितीही मोठी असो. घरी आल्यावर आई बारके पाय पाट्यावर ठेचून, गाळून तो रस वाटपात घालायची. इथे कुर्ल्या मिळतात, महाग मिळतात, पण तो रस्सा होत नाही. लाखेची, म्हणजे आत गाभोळी भरलेली कुर्ली आई नेहमी तुमच्या ताटात वाढायची आणि तुम्ही ती माझ्याकडे सरकवायचात.

म्हणून एवढंच मागते. रात्रीचं एकट्याने जाऊ नका. शेजारचा मुलगा येतो म्हणतो, त्याला घ्या, चार कुर्ल्या त्याला गेल्या तर जाऊ देत. उधाणाला आतल्या फाट्यात शिरू नका. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात ठेवा. आणि आई, पुढच्या वेळी "जरा" म्हणू नकोस, वेळ सांग. मी इथे बसूनही मोजते.

दिवाळीला चार दिवस रजा टाकली आहे. भाऊबीज म्हणजे द्वितीया, दुपारी दीडची भरती. साडेदहाला चढत्या पाण्याबरोबर निघू आणि पाणी फिरलं की लगेच परत. वल्हं मी धरीन. खूण तुम्ही धरा.

तुमची,
बाय